खेळाच्या नियमांतली गुलामगिरी

'सिव्हिलायझेशन ४' हा गेम २००५ साली बाजारात आला. इसवी सनापूर्वी ४००० मध्ये एका वस्तीपासून सुरुवात करायची आणि शतकं ओलांडत साम्राज्य उभं करायचं, असा त्याचा पसारा. खेळ सुरू होऊन फार वेळ झालेला नसतो, तोच तुमच्या लोकांना कांस्य ओतायची कला साधते आणि राज्यकारभाराची एक नवी पद्धत हाताशी येते : गुलामगिरी. ती स्वीकारली की शहराच्या चौकटीत एक बटण वापरता येऊ लागतं. समजा, शहराची लोकसंख्या ४ आहे आणि तुम्हाला धान्याचं कोठार तातडीने हवं आहे. कोठाराला ६० एकक श्रम लागतात, लोकसंख्येतला एक आकडा खर्ची घातला की ३० मिळतात. बटण दाबा. पुढच्या पाळीला कोठार उभं असतं आणि लोकसंख्या २ झालेली असते. उरलेले लोक दहा पाळ्या नाराज राहतात. पण ही नाराजी दर वेळी बटण दाबण्यामागे मोजली जाते, गेलेल्या माणसांमागे नाही. एक माणूस राबवून मारा की तीन मारा, राग तेवढाच. म्हणून मुरलेले खेळाडू एकदम दोन-तीन आकडे खर्च करतात. कोठारात धान्य साठत असल्यामुळे शहर पुन्हा भराभर वाढतं, आणि मग पुन्हा बटण. खेळाडूंनी या युक्तीला चाबूक ओढण्यावरूनच नाव ठेवलं आणि खेळाच्या पहिल्या टप्प्यात याच्याइतकी फायद्याची दुसरी पद्धत नाही, असं त्यांचं अनुभवातून मत बनलं.

हा गेम बनवणाऱ्यांना गुलामगिरीचं समर्थन करायचं होतं, असं मी म्हणत नाही. त्यांना प्रत्येक पद्धतीला एक फायदा आणि एक तोटा द्यायचा होता, एवढंच. पण गेम बोलतो तो नियमांतून. पडद्यावरच्या माहितीच्या चौकटीत गुलामगिरी किती अमानुष होती हे लिहिलेलं असलं, तरी ती चौकट खेळाडू एकदा वाचतो आणि बंद करतो. ३० हा आकडा मात्र तो तासन् तास डोक्यात वागवतो. गेमच्या अभ्यासक मंडळींपैकी इयान बोगोस्ट यांनी २००७ मधल्या 'पर्स्वेसिव्ह गेम्स' या पुस्तकात हाच मुद्दा सविस्तर मांडला : पुस्तक वाक्यांतून युक्तिवाद करतं, सिनेमा दृश्यांतून, तसा गेम आपल्या कार्यपद्धतीतून युक्तिवाद करतो. 'सिव्हिलायझेशन ४'चा नियम असा युक्तिवाद करतो की गुलामगिरी म्हणजे घाईच्या वेळी वापरायचं साधन, आणि मेलेली माणसं आपोआप भरून येतात.

त्याच गेमच्या २००७ मधल्या पुरवणीत गुलामांच्या बंडाची भर पडली. ती कशी, तर पूर, भूकंप यांच्यासारख्या अवचित येणाऱ्या घटनांच्या यादीतली आणखी एक घटना म्हणून. फासा पडला तर बंड, नाही पडला तर नाही. ज्यांनी बंड केलं त्यांनी ते का केलं, कधीपासून ठरवलं, त्यांना कोणाची साथ होती, यांतलं काहीच नियमाला माहीत नाही.

याच्या उलट टोकाला दुसरी रीत आहे : गुलाम दाखवायचेच नाहीत. 'एज ऑफ एम्पायर्स ३' हा २००५ मधलाच गेम. अमेरिका खंडात वसाहती वसवणाऱ्या युरोपीय सत्तांचा. त्यात मळा बांधता येतो, मळ्यावर तुमचेच वसाहतकरी कामाला लागतात आणि खजिन्यात नाणी जमू लागतात. ऊस, तंबाखू, कापूस यांच्या मळ्यांवर अडीच-तीनशे वर्षं कोण राबलं, याचा मागमूस नाही. २०२०च्या सुधारित आवृत्तीत 'प्लँटेशन' हे नाव बदलून 'इस्टेट' केलं गेलं, 'कलोनियल' युगाला 'कॉमर्स' युग म्हटलं गेलं. पाट्या बदलल्या, मळ्यावर राबणारे मात्र त्याच्या आधीही दिसत नव्हते आणि नंतरही दिसले नाहीत.

'एम्पायर : टोटल वॉर' (२००९) मराठी मुलांना विशेष जवळचा वाटावा असा, कारण अठराव्या शतकातल्या सत्तांमध्ये तिथे मराठ्यांची बाजूही घेता येते. या गेममध्ये आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर व्यापारी जहाजं नांगरली की हस्तिदंत मिळतो. अठराव्या शतकात आफ्रिकेतून साठ लाखांहून अधिक माणसं अटलांटिकपार जाणाऱ्या जहाजांत कोंबली गेली. त्या शतकाच्या खेळात त्या किनाऱ्यावरून फक्त हस्तिदंत निघतो. आणि तरीही गुलामगिरीचं निर्मूलन या गेममध्ये आहे : संशोधनाचा एक विषय म्हणून! महाविद्यालयात विद्वान बसवा, ठरावीक पाळ्या थांबा, की जसा नवा नांगर किंवा नवी तोफ सापडते तसं निर्मूलन सापडतं. मला ही कल्पना चाबकाच्या बटणाइतकीच खटकते. गुलामगिरी वाईट असते हे शोधून काढायला कोणा विद्वानाची गरज नव्हती. बेड्या घातलेल्या प्रत्येक माणसाला ते पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं.

पटावरच्या खेळांतही हाच घोळ झाला. २००२ मधल्या 'पोर्तो रिको' या गाजलेल्या खेळात जहाजातून तपकिरी चकत्या येतात, त्या ऊस-नीळ-कॉफीच्या मळ्यांवर ठेवायच्या. नियमपुस्तिका त्यांना वसाहतकरी म्हणते. चकत्यांचा रंग आणि त्यांचं काम पाहून खेळणाऱ्यांना जे कळायचं ते कळतं. पुढे एका आवृत्तीत हे कथानक १८९७ सालात नेलं गेलं, म्हणजे त्या बेटावर १८७३ मध्ये गुलामगिरी रद्द झाल्यानंतरच्या काळात. 'फाइव्ह ट्राइब्ज' (२०१४) मध्ये गुलामांचे पत्ते होते. टीका झाल्यावर त्यांच्या जागी फकीर आले. अरबी कथांच्या काल्पनिक दुनियेतल्या खेळासाठी हा बदल योग्यच होता, कारण तिथे गुलाम असण्याचं कारणच नव्हतं. पण जो खेळ कॅरिबियन बेटांच्या साखरेवर उभा आहे, त्यातून गुलाम काढले तर उरलेलं सगळं खोटं पडतं.

काही जण विचारतात, लढाईच्या खेळांत लाखो सैनिक मरतात, तिथे कोणी हरकत घेत नाही, मग गुलामगिरीचंच एवढं काय? फरक बसण्याच्या जागेत आहे. लढाईच्या खेळात दोन्ही बाजूंना कोणीतरी बसलेलं असतं, दोघांनाही चाल करता येते. गुलामगिरीच्या खेळात आजवर खेळाडूला बहुतेक वेळा मालकाच्या किंवा सरकारच्या खुर्चीत बसवलं गेलं आणि गुलाम सामानाच्या यादीत राहिला. 'युरोपा युनिव्हर्सालिस ४' (२०१३) मध्ये तर नकाशावर काही प्रांतांचं उत्पादन मीठ, काहींचं तांबं आणि काहींचं 'गुलाम' असं दाखवलेलं असतं. त्या काळच्या व्यापाऱ्यांच्या चोपड्यांत नोंदी अशाच असत, हे खरं. पण व्यापाऱ्याची चोपडी म्हणजे सगळा इतिहास नव्हे, आणि गेमने ती जशीच्या तशी उतरवली तर गेम व्यापाऱ्याच्या डोळ्यांनी बघू लागतो.

या सगळ्यांत आतापर्यंत सर्वांत गंभीर प्रयत्न स्टॉकहोमच्या पॅराडॉक्स या कंपनीच्या 'व्हिक्टोरिया' मालिकेत झाला. २०२२ मध्ये आलेला 'व्हिक्टोरिया ३' हा १८३६ ते १९३६ या शंभर वर्षांचा गेम. त्यात गुलामगिरी हा कायदा आहे आणि त्याचे प्रकार वेगवेगळे आहेत : बाहेरून गुलाम आणायची मुभा, आहे त्या गुलामांची संतती गुलाम ठेवायची पण नवी आयात बंद, कर्जापोटी येणारं दास्य, आणि पूर्ण बंदी. ब्राझील पहिल्या प्रकाराने सुरू होतो, अमेरिका दुसऱ्याने. गुलामांना मजुरी नाही. त्यांच्या अन्नवस्त्राचा खर्च मळ्याच्या हिशेबात पडतो. आणि मळेवाल्या जमीनदारांचा एक राजकीय गट असतो, त्याचं बळ त्यांच्या मिळकतीतून येतं. तुम्ही बंदीचा कायदा आणू लागलात की हा गट खवळतो, आणि अमेरिकेत प्रकरण यादवीपर्यंत जाऊ शकतं.

इथे नियमाने इतिहासातली एक कळीची गोष्ट बरोबर पकडली आहे. गुलामगिरी टिकली ती लोकांना तिचं वाईटपण कळत नव्हतं म्हणून नव्हे. तिच्यावर ज्यांची सत्ता आणि पत उभी होती त्यांनी ती टिकवली. अमेरिकेत १७९० मध्ये सुमारे ७ लाख गुलाम होते. १७९३ मध्ये एली व्हिटनीचं सरकी काढायचं यंत्र आलं, कापूस पिकवणं अफाट फायद्याचं झालं, आणि १८०८ पासून बाहेरून गुलाम आणायला बंदी असूनही १८६० पर्यंत ही संख्या ४० लाखांच्या घरात गेली. त्यांची बाजारभावाने होणारी किंमत देशातल्या सगळ्या रेल्वे आणि कारखान्यांत गुंतलेल्या भांडवलाहून जास्त होती. गुलाम गहाण ठेवून कर्ज काढलं जाई, त्या कर्जावर नवी जमीन घेतली जाई, त्या जमिनीवर आणखी गुलाम. म्हणजे बंदीचा कायदा झाला तर मळेवाल्याबरोबर त्याची पेढीही बुडणार. मला एखाद्या गेममध्ये हे पाहायला आवडेल : गुलामांच्या तारणावर पसरत जाणारी कर्जं, ती जितकी पसरतील तितकं निर्मूलन अवघड होत जाणं, आणि सुरुवातीच्या सोप्या फायद्याची किंमत पन्नास वर्षांनी खेळाडूला कळणं.

एवढं करूनही 'व्हिक्टोरिया ३' एका जागी अडतो. त्यातल्या गुलामांना राजकीय बळ शून्य. कायद्याच्या दृष्टीने ते बरोबरच. त्यांना मत नव्हतं, संघटनेचा हक्क नव्हता. पण म्हणून त्यांचा प्रभाव शून्य होता, असं इतिहास म्हणत नाही.

ब्रिटिशांच्या ताब्यातल्या जमैकाचं उदाहरण घ्या. डिसेंबर १८३१. सॅम्युअल शार्प हा स्वतः गुलाम असलेला बाप्टिस्ट उपदेशक. त्याने प्रार्थनासभांच्या निमित्ताने मळ्यामळ्यांत निरोप पोचवला की नाताळच्या सुट्टीनंतर मजुरी ठरल्याशिवाय कोणी कामावर जायचं नाही. ऊस तोडणीला आलेला, मालकांच्या सगळ्यांत अडचणीचा हंगाम. संप पुकारायचा होता, त्याचं बंड झालं. सुमारे ६०,००० गुलाम त्यात उतरले. गोऱ्यांपैकी मेलेल्यांची संख्या अगदी थोडी, पण बंड मोडल्यावर तीनशेहून अधिक गुलामांना देहदंड झाला. शार्पला मे १८३२ मध्ये माँटेगो बे इथे फाशी दिली. या बातम्या लंडनला पोचल्या, चौकशी समित्या बसल्या, आणि १८३३ मध्ये संसदेने निर्मूलनाचा कायदा केला. खासदार विल्बरफोर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चार दशकं चालवलेली चळवळ या कायद्यामागे होतीच. पण गुलामगिरी चालू ठेवणं आता धोक्याचं आहे, ही जाणीव सरकारला जमैकाने करून दिली.

दुसरा प्रसंग अमेरिकेतला, मे १८६१ चा. यादवी नुकतीच पेटलेली. व्हर्जिनियातले फ्रँक बेकर, शेपर्ड मॅलरी आणि जेम्स टाउनसेंड हे तीन गुलाम दक्षिणेच्या फौजेसाठी तोफांचा मोर्चा बांधायच्या कामावर जुंपलेले होते. एका रात्री त्यांनी होडी घेतली आणि खाडीपलीकडच्या फोर्ट मन्रो या उत्तरेच्या ताब्यातल्या किल्ल्यात ते हजर झाले. दुसऱ्या दिवशी मालकाच्या वतीने एक अधिकारी पांढरं निशाण घेऊन त्यांना मागायला आला. पळालेला गुलाम मालकाला परत द्यावा, असा कायदा तेव्हा देशभर लागू होता, आणि लिंकन यांचं सरकारही गुलामगिरीला हात लावणार नाही असंच सांगत होतं. किल्ल्याचा सेनापती बेंजामिन बटलर पेशाने वकील. त्याने उत्तर दिलं की तुम्ही यांना मालमत्ता म्हणता आणि ती मालमत्ता आमच्याविरुद्ध युद्धात वापरता. शत्रूची अशी मालमत्ता जप्त करता येते, तेव्हा हे इथेच राहतील. बातमी मळ्यामळ्यांत फिरली. पुढच्या दिवशी आणखी काही जण आले, मग बायकामुलांसह कुटुंबंच्या कुटुंबं. जुलैअखेर किल्ल्यात सुमारे नऊशे लोक होते. ऑगस्टमध्ये काँग्रेसला त्यावर कायदा करावा लागला. लिंकन यांची मुक्तीची घोषणा १ जानेवारी १८६३ ची. तिची वाट या पळून आलेल्या लोकांनी पाडली. युद्ध संपेपर्यंत सुमारे १,८०,००० कृष्णवर्णीय सैनिक उत्तरेच्या फौजेत लढले, आणि त्यांच्यातले बहुसंख्य कालपरवापर्यंत गुलाम होते.

हे नियमात कसं आणायचं? माझ्या मते सर्वांत आधी माहिती लपवायला हवी. स्ट्रॅटेजी गेममध्ये खेळाडूला देवासारखं सगळं दिसतं : कुठल्या प्रांतात किती असंतोष, बंडाची शक्यता किती टक्के. मळेवाल्याला असं काही दिसत नव्हतं. प्रार्थनासभेत काय बोललं जातं, बाजाराच्या दिवशी कोण कोणाला भेटतं, गलबतावरचा खलाशी कुठली बातमी सांगून जातो, हे त्याला कळत नसे. त्या भीतीपोटी तो पहारे वाढवी, रात्री घोडेस्वारांच्या गस्ती फिरवी, परवाना नसलेल्या गुलामाला फटके मारी. गेममध्ये मालक-सत्तेला गुलामवस्तीतलं चित्र धूसर दिसावं, पहाऱ्याचा खर्च दर वर्षी पडावा, आणि शेजारच्या बेटावर उठाव झाला की त्याची बातमी तिच्या नकळत पसरावी. १७९१ मध्ये फ्रेंचांच्या सें-दोमँग वसाहतीत, म्हणजे आजच्या हैतीत, सुमारे ५ लाख गुलामांमध्ये उठाव पेटला आणि १ जानेवारी १८०४ ला तिथे स्वतंत्र राष्ट्र उभं राहिलं. त्यानंतरची कित्येक दशकं अमेरिका खंडातला एकही मळेवाला ते विसरला नाही. अशी धास्ती टक्केवारीच्या पट्टीने दाखवता येत नाही; न दिसण्यातूनच ती दाखवता येते.

दुसरा मार्ग म्हणजे खेळाडूची खुर्चीच बदलणं. ब्रायन मेयर यांचा २०१२-१३ मधला 'फ्रीडम : द अंडरग्राउंड रेलरोड' हा पटावरचा खेळ त्या दृष्टीने मला फार महत्त्वाचा वाटतो. इथे सगळे खेळाडू मिळून निर्मूलनवादी असतात. दक्षिणेतल्या मळ्यांवरचे लाकडी ठोकळे एकेका गावातून सरकवत कॅनडापर्यंत न्यायचे. ठोकळा हलला की गुलाम पकडणारेही हलतात. कधी कधी एकाला पुढे करून पकडणाऱ्याला दुसरीकडे ओढावं लागतं, आणि तो निर्णय टेबलाभोवतीच्या सगळ्यांनी मिळून घ्यायचा असतो. दर फेरीला बाजारातून नवे ठोकळे मळ्यांवर येतात. मळ्यावर जागा नसेल तर ते हरवलेल्यांच्या रांगेत जातात, आणि ती रांग भरली की सगळे हरतात. पैसा उभा करायचा की माणसं हलवायची, ही ओढाताण शेवटपर्यंत संपत नाही. सगळ्यांना वाचवता येत नाही, हे खेळाडूला नियम सांगतो. त्यासाठी वेगळा मजकूर लागत नाही.

खुर्ची बदलली म्हणजे आपोआप सगळं साधतं, असंही नाही. कोपनहेगनच्या एका कंपनीने शाळकरी मुलांसाठी 'प्लेइंग हिस्टरी २ : स्लेव्ह ट्रेड' हा गेम केला. त्यात जहाजाच्या पोटात माणसांचे आकार टेट्रिससारखे ठासून बसवायचा एक भाग होता. जहाजात माणसं किती अमानुषपणे कोंबली जात हे मुलांना कळावं, असा हेतू सांगितला गेला. पण टेट्रिसमध्ये फट न ठेवता आकार बसला की आनंद होतो, तो त्या खेळाचा गाभाच आहे. इथे तो आनंद माणसं कोंबण्याला जोडला गेला. २०१५ मध्ये जगभरातून निषेध झाल्यावर तो भाग काढून टाकावा लागला. खेळाचं बक्षीस कशाला मिळतं हे तपासणं म्हणून सर्वांत महत्त्वाचं. 'असॅसिन्स क्रीड : फ्रीडम क्राय'मध्ये नायक स्वतः गुलामीतून सुटलेला, कथा मनापासून लिहिलेली, पण सोडवलेल्या माणसांची संख्या ठरावीक झाली की नवी हत्यारं मिळतात, आणि मुक्त झालेला माणूस पुन्हा एका मोजणीतला आकडा होतो.

गुलामगिरी जगभर एकाच साच्याची नव्हती, हेही गेम सहज विसरतात. मलिक अंबर हा इथिओपियात जन्मलेला, लहानपणी विकला गेलेला मुलगा. अनेक हात बदलून तो अहमदनगरच्या निजामशाहीचा पेशवा चंगीझखान याच्याकडे आला. हा चंगीझखान स्वतः एकेकाळी हबशी गुलाम होता. धनी वारल्यावर अंबर मोकळा झाला, त्याने आपली फौज बांधली, पुढे निजामशाहीचा सगळा कारभार हातात घेतला, १६१० मध्ये खडकी शहर वसवलं आणि १६२६ मध्ये मरेपर्यंत मोगलांना दख्खनेत पाय रोवू दिले नाहीत. हे लष्करी दास्य जमैकाच्या उसाच्या मळ्यावर कल्पनेतही आणता येत नाही. पण एका अंबरकडे पाहून दख्खनेत गुलामगिरी सौम्य होती असं म्हणायलाही जागा नाही. पेशवाईत कुणबिणींची खरेदी-विक्री होत होती, घरांत आणि किल्ल्यांवर त्या राबत होत्या, आणि त्यांच्यापैकी कोणी फौजेची सरदार झाली नाही. मराठ्यांची बाजू घेऊन खेळणाऱ्याला हेही दिसायला हवं, असं मला ठामपणे वाटतं.

या संदर्भात 'सिव्हिलायझेशन ४'मधली आणखी एक गोष्ट मराठी वाचकाने पाहण्यासारखी आहे. गुलामगिरीच्या त्याच रकान्यात 'जातिव्यवस्था' हाही एक पर्याय आहे. ती स्वीकारली की शहरात व्यापारी, शास्त्रज्ञ आणि कलावंत हवे तितके नेमता येतात. नको झाली की पद्धत बदलायची. संक्रमणाच्या एखाद-दुसऱ्या पाळीनंतर जात संपते. जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' लिहिलं आणि गुलामांना दास्यमुक्त करणाऱ्या अमेरिकेतल्या लोकांना ते अर्पण केलं. जात आणि दास्य यांची सांगड त्यांनी घातली ती दोन्हींखाली भरडलेल्या माणसाच्या बाजूने. गेमने दोन्ही एका रकान्यात मांडली आहेत ती राज्यकर्त्याच्या सोयीने.

आता निर्मूलनाकडे. गेममध्ये ते एका दिवसात होतं : कायदा मंजूर, पडद्यावर चित्र, समाधानात वाढ. प्रत्यक्षात ब्रिटनचा कायदा १ ऑगस्ट १८३४ ला लागू झाला तेव्हा सुमारे ८ लाख गुलाम कागदोपत्री मोकळे झाले, पण सहा वर्षांवरच्या सगळ्यांना 'उमेदवार' ठरवून जुन्याच मालकाकडे बिनपगारी राबवलं गेलं. ती उमेदवारी १८३८ मध्ये रद्द करावी लागली. नुकसानभरपाई मिळाली ती मालकांना : २ कोटी पौंड, सरकारच्या वर्षाच्या खर्चाच्या सुमारे ४० टक्के. त्यासाठी काढलेल्या कर्जाचा शेवटचा भाग २०१५ मध्ये फिटला. राबलेल्यांना एक पैही मिळाली नाही. हैतीने तर लढून स्वातंत्र्य घेतलं होतं. तरी १८२५ मध्ये फ्रान्सने युद्धनौका पाठवून १५ कोटी फ्रँकची भरपाई हैतीवर लादली. पुढे रक्कम कमी झाली, पण त्यापायी काढलेली कर्जं फेडता फेडता १९४७ उजाडलं. आणि आपल्याकडे? १८३३ च्या कायद्यातून ईस्ट इंडिया कंपनीचा मुलूख वगळलेला होता. १८४३ च्या कायद्याने न्यायालयांनी गुलामावरचा मालकी हक्क मानायचा नाही एवढं ठरलं; गुलाम बाळगणं हा गुन्हा झाला तो १८६० च्या दंडसंहितेने. मग भारतातल्या निर्मूलनाची तारीख गेमने कोणती धरायची?

मला वाटतं, एकही धरू नये. निर्मूलन ही पायरी नसून गेमचा एक नवा टप्पा असावा, आणि त्यात पहिला प्रश्न पडावा तो जमिनीचा. अमेरिकेत जानेवारी १८६५ मध्ये जनरल शर्मन यांनी किनारपट्टीची जमीन मुक्त कुटुंबांना ४० एकरांपर्यंतच्या तुकड्यांनी द्यायचा हुकूम काढला. त्याच वर्षी अध्यक्ष अँड्र्यू जॉन्सन यांनी बरीचशी जमीन जुन्या मालकांना परत केली, आणि मोकळे झालेले लोक मालकांच्याच शेतावर वाट्याने कसू लागले. ब्राझीलने १३ मे १८८८ ला कायदा केला. त्याच्या आधीच साओ पावलोच्या कॉफीच्या मळ्यांवरून गुलाम हजारोंनी निघून जाऊ लागले होते. कायद्यात जमीनही नव्हती, मजुरीही नव्हती. मळेवाल्यांनी युरोपातून मजूर आणले.

मॉरिशसमध्ये मजूर आले ते आपल्याकडून. उसाचे मळे चालू ठेवायला २ नोव्हेंबर १८३४ ला 'अॅटलस' हे जहाज कलकत्त्याहून पहिले गिरमिटिया, म्हणजे करारबद्ध मजूर, घेऊन पोर्ट लुईला लागलं. पुढच्या काळात सुमारे साडेचार लाख भारतीय त्या बेटावर उतरले. मुंबई बंदरातून गेलेल्यांमध्ये रत्नागिरीकडची मराठी माणसं होती, आणि त्यांचे वंशज आजही तिथे गणपती बसवतात. करार होता, मुदत होती, मजुरी होती. पण गैरहजेरीबद्दल पगारकपात आणि करार मोडल्याबद्दल तुरुंगही होता. 'व्हिक्टोरिया ३'च्या शंभर वर्षांत हे सगळं बसतं. गुलामगिरीवर बंदी घातली की मळेवाल्यांच्या गटाने स्वस्त मजुरांसाठी दुसऱ्या खंडाकडे हात पसरावा, आणि कंपनी सरकार चालवणाऱ्या खेळाडूपुढे तो प्रस्ताव यावा, हा नियम बनवणं अवघड नाही.

सोडवलेल्या माणसांचं पुढे काय होतं, हाही भाग गेम आकड्यात गुंडाळतात. ब्रिटिश आरमार हिंदी महासागरात गुलामांची गलबतं पकडी, तेव्हा त्यातली कित्येक मुलं मुंबईला उतरवली जात. काहींना नाशिकजवळच्या शरणपूरला चर्च मिशनरी सोसायटीच्या आश्रमात ठेवलं गेलं. तिथे ती ख्रिस्ती झाली, लोहारकाम-सुतारकाम शिकली. जेकब वेनराइट त्यांच्यातला. १८७३ मध्ये संशोधक डेव्हिड लिव्हिंगस्टन आफ्रिकेच्या आत वारले तेव्हा त्यांचं शव समुद्रापर्यंत वाहून नेणाऱ्यांत तो होता, आणि पुढच्या एप्रिलमध्ये वेस्टमिन्स्टर ॲबीत त्यांच्या शवपेटीला त्याने खांदा दिला. १८७३ मध्येच मुंबईचे माजी गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांच्या शिष्टाईनंतर झांझिबारच्या सुलतानाने गुलामांचा बाजार बंद केला. मोंबासाजवळ मुक्त गुलामांसाठी फ्रिअर टाउन ही वसाहत उभी राहिली आणि शरणपूरची बरीच मंडळी तिकडे गेली : शिक्षक, कारागीर, उपदेशक म्हणून. आजूबाजूच्या मळ्यांवर अजून गुलाम होते. ते पळून या वसाहतीच्या आसऱ्याला येत, मालक त्यांना मागायला येत, आणि त्यांना ठेवायचं की परत द्यायचं यावर मिशनरी, मालक आणि ब्रिटिश अधिकारी यांच्यात वर्षानुवर्षं भांडण चाले. 'व्हिक्टोरिया ३'मध्ये त्या वेळी साठ वर्षं खेळायची उरलेली असतात. त्या साठ वर्षांत फ्रिअर टाउनच्या लोकांच्या बाजूने, त्यांना दिसत होतं तेवढंच पाहत, खेळता यायला हवं.